तुळशीशेजारचं अर्थिंग

विजेच्या बाबतीत मला चार गोष्टी शिकवील असं माणूस त्या काळी अख्ख्या मालाडमध्ये नव्हतं. निदान माझं तसं ठाम मत होतं. अंधेरीच्या एका कारखान्यात मी वायरमन होतो. गल्लीत कुणाचा फ्यूज उडाला की पहिली हाक मलाच येई. रंगीत टीव्ही तेव्हा नुकते घरोघर यायला लागले होते. आम्हीही हौसेने एक घेतला, आणि सहा महिने होतात न होतात तोच परतीच्या पावसात वीज कडाडली, खांबावरच्या तारांमधून घरात शिरली आणि टीव्हीची वाट लावून गेली. वायरमनच्याच घरचा टीव्ही जळला, हे गल्लीने पुढे महिनाभर चघळलं. मला ते फार लागलं.

टीव्हीला एक, फ्रिजला एक असे स्टॅबिलायझरचे डबे लावत बसणं मला पटेना. बंदोबस्त करायचा तर अख्ख्या घराचा, थेट मेन बोर्डावर. कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांना असतात तशा नाण्याएवढ्या चकत्या मी लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून शोधून आणल्या. एरवी या चकत्या गप्प बसतात. विजेचा दाब एकदम वाढला की जादा वीज जमिनीत सोडतात आणि मेनचा फ्यूज उडतो. घर अंधारात जातं, पण वस्तू वाचतात. मात्र जमिनीत सोडायची तर अर्थिंग पक्कं हवं. गल्लीतल्या बहुतेकांनी अर्थची वायर नळाला गुंडाळून ठेवली होती. मी असलं काही करणारा नव्हतो.

आमच्या बैठ्या घरापुढे हातभर अंगण होतं आणि त्यात आईची तुळस. गाव सुटलं तेव्हा तिथल्या वृंदावनातलं रोप तिने पत्र्याच्या डब्यात घालून आणलं होतं. गावचं घर पुढे भावकीकडे गेलं, बोलणंही तुटलं. तिथलं म्हणावं असं आईपाशी ती तुळसच काय ती उरली होती.

मी खड्डा खणला तो बरोबर तुळशीला लागून. त्यातही माझा हिशेब होता. अर्थिंगची माती कायम ओली लागते, आणि आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतेच. म्हणजे ओल आयतीच मिळणार. छातीइतक्या खड्ड्यात तांब्याचा पत्रा उभा केला, त्याच्याभोवती कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर असं भरायला घेतलं आणि पाणी ओतायला एक पाइप वर काढला. मिठाचं पोतं बघून आई पायरी उतरून आली.

"ह्या मीठ कित्याक रे?"

"ओल धरूक, आये."

"माझ्या तुळशीक काय होवचा नाय मां?"

"गावाक माडाच्या मुळात मीठ घालतंस मां? माड मरता काय?"

कोकणातल्या माणसाला माडाचा दाखला दिला की वाद संपतो. मी तिला वर बजावलं, की तुळशीबरोबर या पाइपातही रोज एक तांब्या ओतायचा. खड्डा सुकला तर घर जळालंच समज.

पुढच्या पावसाळ्यात मीठ विरघळलं. आषाढात तुळशीची पानं पिवळी पडली, गणपतीपर्यंत नुसत्या काटक्या उरल्या. "मिठाने मेली हो ती," बायको एकदाच म्हणाली. मी म्हटलं, कीड लागली. माड आणि तुळस यांतला फरक मला केव्हाच कळून चुकला होता, पण तोंडाने कबूल करायला जड जात होतं.

दसऱ्यानंतर एका दुपारी वीज पुन्हा आमच्या तारांवर पडली. गल्लीतले टीव्ही गेले, दोन फ्रिज गेले. आमच्या बोर्डावरच्या चकत्या काळ्या पडून फुटल्या होत्या, फ्यूज उडाला होता. मी दोन्ही बदललं, मेन चालू केला, आणि घरातली एकूण एक वस्तू सुरू झाली. बोर्ड बघायला माणसं आली. मी छाती काढून सगळ्यांना समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्या पाइपात तांब्या ओतताना दिसली. शेजारी काटक्या. ती रोजच ओतत असणार. मी बघितलं त्या दिवशी. मला भयंकर लाज वाटली.

"आये, तुळस माझ्यामुळे मेली."

"माका म्हायत आसा."

"मगे पाणी कित्याक घालतंस?"

"खड्डो सुकलो तर घर जळात, तूच सांगितलंस मां? तुळस गेली. आता घरय जाऊक दिव काय?"

तुळशीच्या लग्नाला थोडेच दिवस होते. मी रजा टाकली आणि गावी गेलो. ज्या दारात परत पाऊल ठेवायचं नाही म्हणून बसलो होतो, त्याच दारात उभा राहून वृंदावनातलं एक रोप मागितलं. चुलत्यांनी काही न विचारता दिलं. एसटीत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मी नवी लाल माती आणून ओतली आणि आईला बोलावलं.

"हय मीठ नाय मां?" तिने विचारलं.

नाही, म्हणालो. तरी तिने खाली वाकून चिमूटभर माती घेतली, जिभेला लावून पाहिली, आणि मगच रोप हातात घेतलं.