परकारभाईंची पारख

परकारभाई कुठल्याही उंच माणसाला आधी हात पुढे करायला लावत. दाखवा बघू तळवा! आमच्या ऑफिसात नवा ड्रायव्हर आला, चांगला सहा फुटी पठाण. सलाम-दुवा होण्याआधीच परकारभाईंनी त्याचा पंजा उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वाया गेला रे. सेंटरला खेळला असता." ड्रायव्हरला वाटलं, हे बुवा भविष्य सांगतात. त्यानं दुसराही हात पुढे केला.

हमरिया फ्री झोनमध्ये जहाजांचे रंग बनवणाऱ्या आमच्या कंपनीत ते परचेस बघत आणि मी अकाउंट्स. माणूस मूळचा रत्नागिरीकडचा, पण शारजात राहून राहून अर्धा इथला झालेला. घराजवळच्या विद्यापीठात बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान होतं. सामने फुकट, एसी गारेगार. जुलैच्या उकाड्यात रुखसानाभाभींनी एकदा "जरा बाहेर जाऊन या, माझ्या मैत्रिणी यायच्यात" असं म्हणून त्यांना पिटाळलं, ते तिथे जाऊन बसले, आणि दोन महिन्यांत तज्ज्ञ झाले. आपण शाळेत असताना जिल्ह्यातर्फे खेळलो, असं ते सांगत. कोणत्या वर्षी, हे दर वेळी बदलत असे.

त्यांच्यामुळे मी जाऊ लागलो, आणि आमच्याच ऑफिसातला मल्याळी थॉमस. आम्हा तिघांना परकारभाईंनी 'सिलेक्शन कमिटी' हे नाव दिलं. आम्हाला कुणी नेमलं नव्हतं आणि आमचं कुणी ऐकत नव्हतं, पण विद्यापीठ दर वर्षी खेळाच्या जोरावर नवी पोरं घेई तेव्हा ती कमिटी गंभीरपणे बसे. एका सुदानी मुलाला पहिल्याच दिवशी परकारभाईंनी निकालात काढलं. "उंची काय, माडालाही असते. माड कधी धावताना पाहिलायस?" तो माड पुढे संघाचा कप्तान झाला. दुसरा एक गोरटेला पोरगा त्यांना फार आवडला. "ह्याचं नाव लक्षात ठेव सावंत. नॅशनल टीम, इन्शाल्ला." वर्षभरात त्यानं खेळ सोडला आणि तो दुबईत फ्लॅट विकू लागला. परकारभाईंना फ्लॅटसाठी त्याचा फोनही आला होता. पण कबूल करणं हा प्रकार त्यांच्या स्वभावात नव्हता. "कोचनं बिघडवला," एवढंच म्हणाले.

त्यांची मुलगी झोया बारावी झाली आणि त्याच विद्यापीठात तिला स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा त्यांनी ऑफिसभर बकलावा वाटला. "डोकं माझ्यावर गेलंय," असं प्रत्येकाला वेगळं सांगितलं. भाभी हे ऐकून नुसत्या हसल्या होत्या म्हणे. ते हसणं मला नंतर उमगलं.

सप्टेंबरात जेवणाच्या सुट्टीत थॉमसनं मोबाइल पुढे केला. विद्यापीठानं मुलींच्या संघातल्या नव्या खेळाडूंचा व्हिडिओ टाकला होता. एक उंच मुलगी पाठमोरी, बॉल घेऊन पळत होती. परकारभाईंनी डबा बाजूला सारला, चष्मा चढवला.

"खांदे बघ, पडलेले. हिला कुणी सांगितलं बास्केटबॉल खेळायला? हात बघ, हात! ह्या हातातून पापलेट सुटेल, बॉल कुठला राहतोय. एक सीझन बेंचवर बसेल. मग खलास." मग जरा थांबून, कीव येऊन म्हणाले, "घरच्यांनी तरी समजवायला नको का?"

मुलगी वळली. झोया होती.

थॉमसनं मोबाइल हळूच उपडा ठेवला. परकारभाईंनी डबा परत पुढे ओढला आणि सावकाश सगळा भात संपवला. त्या माणसाला गप्प जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

संध्याकाळी मला त्यांनी आधारासाठी घरी नेलं. झोया सोफ्यावर बुटाच्या नाड्या सोडत होती. "तू मला सांगितलं का नाहीस?" ते गरजले.

"आय टोल्ड यू, अब्बा," ती म्हणाली. "बास्केटबॉल स्कॉलरशिप. यू सेड 'गुड, गुड' अँड यू वर वॉचिंग अ मॅच."

"शाळेत सहा वर्षं खेळते ती," भाभी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "प्रॅक्टिसला मी सोडत होते. तुम्ही दुसऱ्यांची पोरं बघायला गेलेले असायचात."

परकारभाई माझ्याकडे बघू लागले. मी चहात बघू लागलो. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "पहिल्या मॅचला कमिटी हजर राहील." झोयानं डोळे मिटून घेतले. "अब्बा, प्लीज, नो कमिटी."

कमिटी गेलीच. परकारभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं. झोयाला दुसऱ्या भागात आत घेतलं. पहिलाच पास तिच्या हातातून निसटला. दुसऱ्यांदा ती बॉल घेऊन पळाली ती थेट रेषेबाहेर. थॉमस म्हणाला, "एक्सलंट स्पीड." तो भला माणूस आहे.

तेवढ्यात आमच्या मागच्या रांगेतून एक भारदस्त आवाज आला. पन्नाशीचे एक गृहस्थ शेजाऱ्याला समजावत होते, "हाइट है, हाथ नहीं है. माँ-बाप को अक़्ल नहीं, भेज दिया. एक सीज़न, बस."

तेच शब्द, तीच लय. मला हसू आवरेना. पण परकारभाई उभे राहिले, मागे वळले आणि गरजले, "आपने खुद कभी बॉल पकड़ा है?" गृहस्थ म्हणाले, आपण कॉलेजात खेळलोय. "कौनसे साल?" परकारभाईंनी विचारलं. ते गृहस्थ अडखळले. हा प्रश्न किती अवघड असतो, हे परकारभाईंइतकं कुणाला ठाऊक असणार! आवाज चढले, खेळ थांबला, आख्खं मैदान आमच्याकडे बघू लागलं. झोयाही. मग सिक्युरिटीवाला आला. "यल्ला बाबा, बाहर."

मीही त्यांच्याबरोबर बाहेर पडलो. दाराला काचेची अरुंद पट्टी होती, आणि तिच्यावर आतल्या बाजूनं सिक्युरिटीवाल्यानं आपली रुंद पाठ टेकली होती. परकारभाई डावीकडून वाकले, उजवीकडून वाकले, टाचा उंचावून पाहिल्या. एवढ्यात आत एकच जल्लोष झाला.

"किसने डाला?" त्यांनी दाराच्या फटीतून विचारलं.

"लड़की ने."

"अरे, कौनसी लड़की ने?"

"वो लंबी वाली."

परकारभाई भिंतीला टेकले. रुमाल काढून चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग परत चष्मा पुसला. मी बोलायला तोंड उघडलं तर हातानंच गप्प बसवलं.

सामना संपल्यावर झोया घामाघूम बाहेर आली. ओरडा बसेल अशी तयारी ठेवून मी उभा होतो. तिनं एवढंच विचारलं, "अब्बा, डिड यू सी?"

"पाहिलं म्हणजे काय!" परकारभाई उसळून म्हणाले. "डावीकडून आलीस, त्या जाडीला चकवलंस, आणि उडी मारून असा टाकलास! अरे, मनगट बघितलं मी!"

तिच्या मागून आलेला थॉमस माझ्या कानात पुटपुटला, "फ्री थ्रो था." म्हणजे जागेवर उभं राहून, कुणी आडवं नसताना टाकलेला बॉल.

झोयानं बापाकडे पाहिलं, दाराच्या काचेकडे पाहिलं. "येस, अब्बा," ती म्हणाली. "एग्झॅक्टली लाइक दॅट." आणि आपली बॅग त्यांच्या खांद्याला अडकवली.

त्या दिवसापासून माणूस बदलला असं लिहायला मला आवडलं असतं. परकारभाई पुढच्याच आठवड्यात मुलांच्या सामन्यात एका नव्या लेबनीज पोराला माड म्हणाले. झोयाच्या बाबतीत मात्र ते अवाक्षर काढेनात. ती चांगली खेळली तरी नाही, वाईट खेळली तरी नाही. तिच्या सामन्यात ते हाताची घडी घालून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे बसत. ती सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत आली, तेव्हाही फक्त घडी जरा सैल झाली.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. भाभी आधीच घर लावायला गावी गेल्या होत्या, झोया होस्टेलवर राहायला गेली होती. ते निघाले त्या संध्याकाळी नेमका तिचा सामना होता. "मॅच सोडून विमानतळावर आलीस तर मी विमानात बसणार नाही," असं त्यांनीच तिला बजावलं होतं. सोडायला मी आणि थॉमस. बॅगा गेल्या, बोर्डिंग पास हातात आला, तरी त्यांचा पाय निघेना.

"तुम्ही इथे काय करताय?" ते एकदम खेकसले. "जा, पहिला भाग तरी मिळेल." आम्ही वळलो तशी पुन्हा हाक मारली. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "सावंत, मागच्या रांगेत बसणारे लोक काहीबाही बोलतात. ते काय बोलतात ते मला कळवू नकोस."

आम्ही गेलो. मागचे लोक बरंच काही बोलले. मी त्यांना कळवलं नाही.