पूजाने मागितलेला पुरावा

आज सकाळी गौतमअण्णा आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले, म्हणून हे लिहावं लागतंय.

अण्णा माझ्या वर्गात होते. शाळेत जातीमुळे मला पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत, असं त्यांनी काल लिहिलं. कॉलेजात वादविवाद गाजवणाऱ्या माझ्या भाचीने, पूजाने, लगेच उत्तर टाकलं, "एकाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. साक्षीदार आहे का?" पोरांनी धडाधड अंगठे दिले. आमच्या वर्गातले सहा जण ग्रुपवर आहेत. सगळे गप्प. मीसुद्धा.

आज तिला घरी बोलावलं.

"मावशी, चिडायलीस कामून? पुरावाच मागितला की!"

"बरोबर मागितलास. बस, लिहून देते."

मी लिहिलं की, अण्णा आणि त्यांच्या जातीच्या मुलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं काम आम्हा मुलींकडे होतं आणि मीही ते ओतलं आहे.

पूजाने दोनदा वाचलं. "मावशी, तू?"

"व्हय. मी."

पोरांनो, प्रश्न विचारत राहा. पण माझ्या वयाच्या लोकांनो, आपण कधी बोलणार?

सही केलेला एक कागद पूजाला दिला, ग्रुपवर टाकायला. तसाच दुसरा दुपारी, मी राहते त्या भालकीहून बसने गावी जाऊन अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.