अर्थिंगचा ओला खड्डा

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. परभणीत मी कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. मीटरच्या काट्यावर दिसेल तेवढं खरं, बाकी सगळ्या टपरीवरच्या गप्पा... असा माझा खाक्या. देवळात गेलो तरी आधी वायरिंग कसं केलंय ते बघायचो.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गंगाखेडला आप्पांचा छापखाना होता. त्यांचा मुलगा शिवलिंग माझा दोस्त. लग्नपत्रिकांचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवायचा आणि त्याचं त्याला भारी कौतुक. आपल्या ३८६ मशीनसाठी त्याने त्याहून वेगवान ४८६ प्रोसेसर, बोर्डासकट, मागवला होता. पार्सल आलं तेव्हा त्याला जाऊन महिना झाला होता. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं, आणि परत आणला तो पुरायलाच. मला अजून त्याचा राग येतो.

आप्पांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “सूनबाईला त्यानं समदं शिकवलंय. मशीन चाललं तर ती हितं ऱ्हाईल, कमवून खाईल. न्हाई तर इकून टाकतो अन् तिला उदगीरला माहेरी धाडतो. मी तरी किती दिवस पुरणार?” सुनंदावहिनी दाराशीच उभ्या होत्या. माहेरी भाऊ-भावजय चार दिवसांच्या वर विचारणार नाहीत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

बोर्ड बसवला, मशीन झकास सुरू झालं... आणि दुपारी हँग. रॅम काढून, पुसून पुन्हा बसवली. जंपर पुस्तकाशी ताडून पाहिले. डिस्प्ले कार्ड बदललं. प्रोसेसर तापत असेल म्हणून टेबलफॅन लावला. तासाभराने स्क्रीन पुन्हा तशीच थिजलेली. तिसऱ्या दिवशी चप्पल काढून बसलो होतो, मशीनच्या पत्र्याच्या डब्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तेव्हा कुठे अक्कल आली — अर्थिंग!

मागच्या अंगणात मीठ-कोळशाचा खड्डा होता. असा खड्डा ओला ठेवावा लागतो, नाहीतर वीज जमिनीत नीट उतरत नाही. इथे माती पार भेगाळली होती. वहिनी म्हणाल्या, “हे रोज आंघोळ झाली की लिंगपूजेच्या आधी एक घागर त्यात ओतायचे. मी हसायचे, आधी कॉम्प्युटरची पूजा करायलेत म्हणून.”

मी घागर ओतली. मशीन दिवसभर सुरळीत चाललं. रोज पाणी घाला असं बजावून मी परभणीला परतलो.

पंधरा दिवसांनी गेलो तर वहिनी मशीनवर लग्नपत्रिका जुळवत बसल्या होत्या, चेहऱ्यावर जरा रंग आलेला. सहज विचारलं, पाणी घालता ना?

“न्हाई भाऊजी. सकाळी बघावं तर खड्डा ओलाच असतो. मला वाटलं आप्पा घालतात.”

आप्पा म्हणाले, “नळ चौथ्या दिवशी यायलाय. प्यायला लय तकलीफ, मातीत कोण घालंल?”

मी हसलो. पाइप फुटला असणार, दुसरं काय! उकरून पाहिलं तर वीतभर खाली माती कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी खालून येत नव्हतं, वरून पडत होतं. त्या दिवशी कसलासा बंद होता, एसटी नव्हत्या, त्यामुळे मुक्काम पडला. संध्याकाळी खड्ड्याभोवती रांगोळीची जाड रेघ ओढली. अंगणाच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली उशाखाली ठेवली. भिंती दोन पुरुष उंच. सकाळी कुलूप काढलं. रेघ जशीच्या तशी... आणि खड्डा ओला. वर पाणी अजून मुरत होतं. घरातल्या घागरी काठोकाठ भरलेल्या.

मी घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो म्हणूनच पुढचं काम काढलं. बाजारातून तांब्याची पट्टी आणली आणि मोरीचं पाणी मुरतं तिथे नवं अर्थिंग केलं, म्हणजे ओलीची काळजीच नको.

वहिनी दोनदा म्हणाल्या, “असू द्या ना भाऊजी. चाललंय की.”

“वहिनी, हे कायमचं काम होईल,” असं म्हणत मी जुनी तार कापली.

महिन्याने आप्पांचा निरोप आला. गेलो तर मशीन उत्तम चालत होतं, एकदाही हँग झालं नव्हतं. खुर्ची रिकामी होती. वहिनी अंगणात खड्ड्यापाशी बसल्या होत्या, शेजारी कपड्यांचं गाठोडं. माती पुन्हा भेगाळली होती.

“त्या दिवसापासून कोरडा हाय,” त्या म्हणाल्या. “मी ओतून बघितलं. आपलं आपण ओतायचं तर काय...”

“वहिनी, मशीन चालतंय आता. तुम्हाला कुणी जा म्हणत नाही.”

“तुमी चांगलं दुरुस्त केलं भाऊजी. आता त्यांना यायचं कामच उरलं न्हाई.”

दुपारच्या गाडीने त्या उदगीरला गेल्या. मी त्याच दिवशी जुनी तार परत जोडली, नवी काढून टाकली. आप्पा कितीतरी दिवस रोज सकाळी अंगणात जाऊन बघायचे. कसं झालं, का झालं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. खड्डा काही पुन्हा ओला झाला नाही.