निमाचा नंबर

निमा गेल्याचं मला शाळेत कळलं. चौथीच्या वर्गावर होते. शिपायाने दारात येऊन निरोप दिला. कावीळ होऊन ती दवाखान्यात पडली होती. आदल्याच संध्याकाळी मी तिला भेटून आले होते. डोळे पिवळेजर्द झालेले, आवाज पार खोल गेलेला, पण मला म्हणाली, "ताई, खोली बंद ठेवू नका. कुणी बाई फोन करायला आली तर उघडून द्या." मी म्हटलं, आधी तू बरी हो, मग तुझ्या बायांचं बघू... ती हसली. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

सुरतेच्या बमरोली भागातल्या तिच्या खोलीवर धावत गेले तर तिथे कोणीच नाही. शेजारणीने सांगितलं, उधन्याला नेलं, नवऱ्याच्या घरी. ज्या घरातून ती नेसत्या साडीनिशी बाहेर पडली होती, त्याच घराच्या ओसरीवर तिला ठेवलं होतं. हिरवी साडी, हातभर हिरवा चुडा, मळवट भरलेला आणि गळ्यात मंगळसूत्र, जे तिने कित्येक वर्षं घातलं नव्हतं. घटस्फोट झालेला नव्हता, म्हणजे ती सवाष्णच. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "भाग्याची गं बाई, अहेव गेली." बाकीच्या बायका ओळीने तिच्या पाया पडत होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात निमाच्या भावाने माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, "ताई, आज नको." आज नको, उद्या नको, कधीच नको. आपल्याकडे गेलेल्या बाईची बाजू घ्यायला मुहूर्त सापडत नाही.

या पुरवणीसाठी निमावर चार चांगले शब्द लिहा, असं मला सांगण्यात आलंय. लिहिते. फक्त ते सगळेच चांगले नसतील.

निर्मला अमळनेरची. वडील तारखात्यात होते. लग्नाआधी वर्षभर ती आमच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची, आणि पाढे असे काही म्हणून घ्यायची की शेजारच्या वर्गातली पोरंही डुलायला लागायची. लग्न झालं ते उधन्यातच. मुलगा नोकरीला, स्वतःचं घर, गणेशोत्सवाच्या मंडळात पुढे पुढे करणारा, बोलायला गोड. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या दारी तो वर्गणी मागायला येतो त्यांना ते ठाऊक आहे, आणि ते त्याला चहाही पाजतात. लग्नानंतर महिन्याभरात निमाचा राजीनामा आला. आणला त्यानेच, पेढ्यांच्या पुड्यासकट.

त्यांच्या घरी फोन होता. त्या काळी आमच्या लोकांत फोन असणं म्हणजे केवढा मान! पण त्या फोनच्या तबकडीला एक बोटाएवढं कुलूप होतं. कामावर जाताना तो कुलूप लावायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. बाहेरून फोन आला तर सासू उचलायची, आणि निमाच्या माहेरचा असेल तर शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकायची. मारहाण व्हायची ती दार लावून, टीव्हीचा आवाज मोठा करून. सकाळी हाच माणूस दूधवाल्याशी हसून बोलताना दिसायचा.

एका दुपारी माझ्या घरी फोन वाजला. पलीकडून कुजबुज, "ताई, मी निमा. कुलूप लावलेलंच आहे, तरी लागला बघा!" मला वाटलं हिचं डोकं फिरलं. मग कळलं, रिसीव्हर ज्यावर ठेवतात ती खिटी भराभर दाबली की तबकडी न फिरवताही नंबर लागतो. पाच हवा तर पाचदा टकटक करायची, मग क्षणभर थांबायचं, मग पुढचा आकडा. लहानपणी वडिलांच्या ऑफिसात खेळता खेळता शिकली होती. सासू झोपली की ती तेवढा वेळ टकटक करत बसायची. कितीदा भलतीकडेच लागला, कुणा मारवाड्याच्या दुकानात, कुणा डॉक्टरकडे. शेवटी माझ्याकडे लागला. "मला न्यायला या," म्हणाली. मी आणि आमचे हे, दोघं रिक्षा घेऊन गेलो. सासू जागी होऊन दारात येईपर्यंत निमा रिक्षात बसली होती.

आता सुटली, असं आम्हाला वाटलं. भावाने अमळनेरला नेलं नाही, "लोक काय म्हणतील" एवढंच म्हणाला. मग शाळेत पुन्हा नोकरी मिळाली आणि बमरोलीत, मिलमधल्या कामगारांच्या वस्तीत, एक खोली. फोन कुठला असायला? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात होता, त्याचा नंबर तिने पीपी म्हणून शाळेत आणि भावाला दिला. शेजाऱ्याचा फोन आपला म्हणून सांगायचा, त्याने हाक मारली की धावत जायचं. आपण सगळ्यांनीच ते केलंय, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दुकानाच्या काकू खानदेशातल्याच, मनाने चांगल्या. निमाच्या नवऱ्याने तो नंबर कुठून तरी मिळवला. त्याने धमक्या दिल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. "काकू, मी निर्मलाचे मिस्टर बोलतोय. तब्येत बरी आहे ना तिची? शाळेतून किती वाजता येते? एकटीच येते का?" काकूंनी सगळं सांगितलं. वर विचारलं, जावईबापू, कधी येताय न्यायला? तो आला, बसस्टॉपवर. निमाचा उजवा हात मनगटात मोडला, महिनाभर ती डाव्या हाताने फळ्यावर लिहीत होती. मी काकूंना जाब विचारला तेव्हा त्या खरोखर गोंधळल्या. म्हणाल्या, "नवरा शे ना तो तिना? जावयाले खोटं कसं सांगनार, ताई?" आणि त्यांच्या या 'कसं'वर कुणाचाही आक्षेप नव्हता. वस्तीत नाही, शाळेतही नाही. मुख्याध्यापक मला म्हणाले, घरगुती बाब आहे.

हात प्लास्टरमध्ये असतानाच निमाने स्वतःच्या फोनसाठी अर्ज केला. मी सोबत होते. खिडकीतला माणूस म्हणाला, "बेन, पतिनुं नाम लखो ने." निमा म्हणाली, "बापनुं लखीश." नवऱ्याऐवजी बापाचं नाव म्हटल्यावर त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं, पण अर्ज घेतला. मग वाट बघणं. प्लेगच्या साली निम्मं सुरत पळालं, निमा गेली नाही, म्हणाली नंबर लागला आणि लाइनमन येऊन परत गेला तर? त्यानंतरच्या वर्षी फोन आला. तिने पहिलं काम काय केलं असेल तर टेलिफोनच्या ऑफिसात हेलपाटे घालून आपलं नाव डिरेक्टरीत छापू नका म्हणून सांगितलं. लोक नाव छापून यावं म्हणून धडपडत होते, त्या काळात!

आणि मग ती खोली, तो फोन, त्या बाया. सुरुवात कशी झाली ते तिलाही नीट सांगता यायचं नाही. वस्तीतली एक जण आली, मग तिने दुसरीला सांगितलं. पीपीवर बोलायचं म्हणजे दुकानातलं सगळं गिऱ्हाईक ऐकणार, एसटीडीच्या काचेच्या खोक्यात उभं राहायचं तर रस्त्यावरून दीर बघणार. निमाकडे यायचं म्हणजे बाईंकडे पोराची शिकवणी विचारायला आले, एवढं सांगितलं की झालं. नंबर लावून दिला की निमा दार ओढून घ्यायची आणि बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसायची. कोण काय बोललं, ते तिने कधी ऐकलं नाही आणि नंतर विचारलंही नाही. एकदा मी पायरीवर तिच्याजवळ बसले होते. आतून रडण्याचा आवाज येत होता आणि "माय, माले लई जा" एवढे शब्द. मी कान दिला, तर निमा माझ्यावर अशी तडकली! "ताई, माझं बोलणं शेजारी बसून ऐकलं जायचं. इथे कुणी ऐकायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

या बाया पुढे कधी अडचणीत सापडल्या, तर निमाला फोन करायला तिचा नंबर हवा. पण कागदावर लिहून दिला आणि तो घरात सापडला तर मार ठरलेला. म्हणून निमा तो त्यांच्याकडून पाढ्यासारखा पाठ करून घ्यायची, तालावर. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाया नळावर हंडा भरताना तो मनातल्या मनात घोकायच्या. काही इच्छापोरकडे कामाला गेल्या, काही गावी परतल्या, काही कुठे गेल्या कुणास ठाऊक... नंबर बरोबर घेऊन गेल्या. निमाला त्याचा अभिमान होता. एरवी ती स्वतःबद्दल काही बोलायची नाही, पण हे दोनदा-तीनदा बोलली.

तेराव्याला भटजींना दक्षिणा देऊन झाल्यावर निमाचा नवरा कामाला लागला. मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा, वारस म्हणून अर्ज. मयत बायकोचा फोन नवऱ्याच्या नावावर होतो, कायद्याने होतो, त्यात कुणी गैर केलं असं मला म्हणता येत नाही, हेच तर डाचतं. स्वतःचा फोन असताना त्याला हा कशाला हवा होता? मी भावाच्या मागे लागले, तुम्ही हरकत घ्या म्हटलं. तो म्हणाला, "ताई, मेलेल्या माणसाच्या फोनसाठी कुठं भांडत बसायचं?" उधना-बमरोलीचं एक्सचेंज एकच, त्यामुळे नंबरही तोच राहिला. लाइनमन आला, निमाच्या खोलीतली तार काढली आणि उधन्याला त्या घरी जोडून दिली. पुढच्या डिरेक्टरीत तो नंबर त्याच्या नावासमोर छापूनही येईल.

परवा निमाच्या त्या बायांपैकी एक, सिंधू, माझ्याकडे आली. पांडेसऱ्यात राहते, घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. डावा गाल सुजून डोळा मिटलेला. तिला निमा गेल्याचं माहीतच नव्हतं. तिने एसटीडीवरून नंबर लावला होता. "माणूस बोलना, बाई. लई गोड बोलना. बोल बेटा, नाव काय, कोठून बोलस? माले वाटनं, बाईना भाऊ व्हई. मंग मी सांगी दिधं." नाव, घर, नवऱ्याची मिल, त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी सिंधूच्या नवऱ्याला मिलच्या फाटकावर गाठून सांगितलं, भाऊ, तुमची बाई बाहेर फोन करते, जरा लक्ष ठेवा. आता मला कळलं त्याला दुसरा फोन कशाला हवा होता.

मी वस्तीत दारोदार फिरले. भेटल्या तेवढ्यांना सांगितलं. ज्या दूर गेल्या त्यांना कसं सांगू? फोन करून सांगायचं म्हटलं, पण त्यांच्याकडे फोन असता तर आणखी काय हवं होतं! त्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही, आणि ज्या घरांत ही पुरवणी येते तिथे ती आधी पुरुष वाचतात, हे मला समजतं. नंबर मी इथे छापत नाही. ज्यांना तो पाठ आहे, त्यांना तो पाठच आहे. पण वाचणाऱ्या बायकांनो, तुमच्याकडे भांडी घासायला येणारी, टिकल्या लावणारी, नळावर भेटणारी जी कुणी असेल, तिला बाजूला घेऊन हळू आवाजात एवढं सांगा. निमाबाई गेल्या. त्यांचा नंबर विसरून जा. पलीकडून आता तो बोलतो.