उजवीकडचा पांगारा

फोन आला तेव्हा मी पिशवी भरत होते. घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, रंगांचा डबा, अण्णांच्या गोळ्या... त्यांना दवाखान्यातून थोडा वेळ बागेत न्यायची डॉक्टरांकडून परवानगी मिळवली होती, रिक्षा सांगून ठेवली होती. पलीकडून सरोजावहिनी म्हणाल्या, "ताई, रिक्षा नको म्हणून सांगा ओ. हे गेले पहाटे." मी "बरं" म्हणाले आणि खरंच आधी रिक्षावाल्याला फोन केला.

अंबादासअण्णा आमचे शेजारी. जन्मभर त्यांनी चादरींची डिझाइनं काढली. चौकडीच्या कागदावर फुलाची डावी बाजू तेवढी रंगवायची. उजवी बाजू मागावर तीच उलटी होऊन विणली जायची. काम सुटल्यावर ते बागेत जाऊन चित्रं काढू लागले. मला जलरंग शिकायचे होते, म्हणून रविवारी सकाळी मीही सोबत जायचे. पहिल्याच वसंतात त्यांनी बागेतला पांगारा काढला. पानं झडलेलं झाड, फांद्यांच्या टोकांना लालभडक फुलं. चित्र सुरेख झालं, पण उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी! डाव्या फांदीवर एक साळुंकी होती, तशीच एक उजवीकडेही, तिच्याकडे तोंड करून.

"अण्णा, ही दुसरी कुठाय झाडावर?"

ते झाडाकडे बघत राहिले आणि मग खो खो हसले. "हात गेला की ओ सवयीनं! डावं झालं की माझ्या लेखी चादर झाली." घरी वहिनींनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "कडेला दशा तेवढ्या सोडा, म्हंजे अंथरता येईल."

पुढच्या वसंतातही तेच झालं. झालेली बाजू वर्तमानपत्रानं झाकून बघितली, तरी हात ऐकेना. यंदा मात्र साळुंकीसकट डावी बाजू रंगवून झाल्यावर त्यांनी हट्ट धरला होता. "ह्या खेपेला उजवं बघून काढणार, ताई. सवय मोडायला मधी एक रविवार सोडतो." त्याच्या पुढचा रविवार आलाच नाही... त्याआधीच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

मी झाडाचे फोटो काढून नेले. त्यांनी फोन लांब धरून पाहिला. "समदं चपटं दिसतंय. मला न्या की तितं. फुलं हायेत अजून?"

"आहेत."

आणि मी रोज सकाळी बघून येत होते. झाडाखालचा सडा वाढत होता. रिपोर्ट, डबे, रात्री थांबणाऱ्यांच्या पाळ्या, सगळं मी लावून दिलं होतं. फुलांना कसं थांबवायचं, अण्णांना कसं थांबवायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी तो अर्धा कागद माझ्याकडे दिला. त्यांचा मुलगा म्हणाला, "काकू, उलटं उतरवून पुरं करा की. बाबा तसंच करायचे. फ्रेम करून लावू." त्याचं काही चुकलं नाही. एका संध्याकाळचं काम आहे.

परवा तो कागद घेऊन बागेत गेले. अण्णा ठेवायचे तिथंच स्टूल ठेवलं. पांगारा आता पानांनी भरलाय, फूल एकही नाही. ब्रश भिजवला, तसाच पुसून ठेवला. डावीकडे त्यांची लाल फुलं आहेत, उजवीकडे कोरा कागद. साळुंकी त्या कोऱ्या बाजूकडे तोंड करून बसलीय.