चूपबाईंचा तास

कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना मुलं चूपबाई म्हणत. एकवीस वर्षं त्या नुसतं ओठांवर बोट ठेवून अख्खी वाचनखोली गप्प करत आल्या होत्या, तेव्हा नाव काही खोटं नव्हतं. बाईंना ते माहीत होतं आणि रागही नव्हता. राग होता तो वेगळाच. आताशा गप्प करायला वाचनखोलीत कुणी येतच नव्हतं.

गुरुवारी मात्र पहिल्या वर्षाचा ग्रंथालय-तास असे. पुस्तक कसं शोधायचं, पाठीवरचा वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे दिलेला दशांशातला आकडा, कसा वाचायचा, हे शिकवण्याचा. बाईंचा जीव त्या एका तासात होता. बाकीचा आठवडा त्या शिक्के मारत, फाटलेली पानं चिकटवत आणि रोज संध्याकाळी कपाटं लावत. लावायची त्यांची एक रीत होती. सगळी पुस्तकं फळीच्या कडेशी अशी सरळ, की ओळीवरून बोट फिरवलं तर कुठे अडकू नये. पुस्तक कुणी काढून परत ठेवलं, की ते हमखास इंचभर आत नाहीतर बाहेर राहतं, आणि बाईंना दारातूनच कळतं. पहिल्या तासाला त्या पोरांना हेच शिकवत. "काढलंत तसं ठेवा. ओळीत. कडेला कड." पोरं खाली मान घालून हसत आणि मांडीवरच्या फोनमध्ये परत बुडत. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एकदा प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, तासाला सहभाग दिसत नाही. हल्ली सगळं आकड्यात दाखवावं लागतं. या सत्रात आकडा वर आला नाही, तर तास बंद. तुम्हाला परीक्षा विभागात घेऊ, तिथे माणसं कमीच आहेत."

परीक्षा विभाग म्हणजे तळघरातली खोली आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बाई घरी आल्या त्या चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या.

"फोनवरच बघतात ना पोरं?" नवरा म्हणाला. "मग तू फोनमध्ये जा."

तो बोलून गेला गमतीत, पण बाईंनी मनावर घेतलं. छप्पन्नाव्या वर्षी त्या भाचीकडून व्हिडिओ करायला शिकल्या. चुकीचं बटण दाबून तीनदा सगळं पुसलं गेलं, भाचीच्या नाकी नऊ आले, पण शिकल्या. वाचनखोलीच्या मागे बांधणीची खोली होती, फाटकी पुस्तकं ठेवायची. तिथे पडदा लावला, पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवला आणि दुपारी एक ते दोन, मुलं मोकळी असत पण डबे खायला पांगत, तेव्हा बाहेर त्यातल्या त्यात शांतता असे म्हणून, रोज तेव्हाच तासाचे धडे बोलायला लागल्या. दाराला पाटी लावली: चित्रीकरण चालू आहे. आत येऊ नये. शांतता राखा.

भाचीनंच पुढे फोनवरचा खेळ रचून दिला. बारा प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर एकेका पुस्तकात. वर्गांकावरून ते पुस्तक शोधायचं, आतल्या चिठ्ठीवरचा चौकोनी कोड फोननं टिपायचा, की खूण उमटते. बारा खुणा झाल्या की खेळ पुरा. बाईंनी बारा चिठ्ठ्या बारा पुस्तकांत ठेवताना नव्या नवरीसारखी साडी सारखी केली, इतक्या त्या खुशीत होत्या.

पहिल्या आठवड्यात खेळ पुरा केला तिघांनी. दुसऱ्यात दोनशे वीसपैकी दोनशे चौदांनी!

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या जिना चढतानाच नवऱ्याला हाका मारत. अर्धी रात्र दोघांनी तोच आकडा पुन्हा पुन्हा घोळवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज खेळाच्या नोंदीतला वेळांचा रकाना उघडला, आणि हातातला चहा तसाच राहिला. दोनशेच्या वर मुलांनी बाराच्या बारा पुस्तकं शोधली होती सकाळी साडेसात ते आठ या वेळात. ग्रंथालय उघडतं दहाला.

त्या उठून कपाटांपाशी गेल्या. बारा जागी बोट फिरवलं. कुठे अडकलं नाही. या आठवड्यात रोज संध्याकाळी कपाटं लावतानाही त्या बारा जागी काही सरकलेलं दिसलं नव्हतं. कुणा एका शहाण्यानं येऊन बारा चिठ्ठ्यांचे फोटो काढले असणार, मुलांच्या फोनवरच्या गटावर टाकले असणार, आणि बाकीच्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या ग्रंथालय पालथं घातलं असणार. पुस्तकाला हात त्यांच्यातल्या कुणी लावलाच नव्हता.

"मग सांग की सरांना खरं," नवरा म्हणाला.

"अहो, खरं सांगितलं की तास गेला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर राहील. पुढच्या सत्रात मी चिठ्ठ्या रोज बदलेन. मला फक्त अजून एक सत्र द्या."

जणू सत्र देणं त्याच्याच हातात होतं. बाईंनी अहवाल भरला: सहभाग सत्त्याण्णव टक्के. खेळ पुरा न केलेल्या सहा विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांक खाली द्यायचे होते, त्यापुढे शेऱ्याचा रकाना. मनात चीड साचलीच होती, ती त्यांनी तिथे उतरवली. सहाही क्रमांकांपुढे एकच शब्द लिहिला, सही केली आणि पाकीट बंद केलं.

पंधरा दिवसांनी प्राचार्यांनी सगळ्या प्राध्यापकांसमोर त्यांना पुष्पगुच्छ दिला. टाळ्या झाल्या. मग त्यांना बाजूला घेऊन ते अगदी प्रेमानं म्हणाले, "मॅडम, कमाल केलीत. मुलं घरबसल्या ग्रंथालय शिकली! आता तासाची गरजच उरली नाही. तुमचे व्हिडिओ आहेत, खेळ आहे, दरवर्षी तेच चालवू. पुढच्या सत्रापासून तुम्ही परीक्षा विभागात."

"पण सर, मुलं पुस्तकापर्यंत..."

"पोचली ना! दोनशे चौदा. तुमचीच सही आहे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि तोंड दाबणारा हातही स्वतःचाच. बाई "हो सर" म्हणाल्या.

संध्याकाळी त्या चिठ्ठ्या गोळा करायला कपाटांपाशी गेल्या. पुस्तक उघडायचं, चिठ्ठी काढायची, पुस्तक मिटायचं. आठव्या पुस्तकात चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं.

"मॅडम, मला गटावर फोटो आले होते, पण मी ते बघितले नाहीत. सात पुस्तकं माझी मी शोधली. हे आठवं सापडायला दोन दिवस लागले. दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे कसे लावायचे ते कळत नाही, व्हिडिओ चारदा बघितला. विचारायला तीन दुपारी आले होते. दारावर पाटी होती, म्हणून परत गेले."

बाईंनी पुन्हा त्या आठ जागांकडे पाहिलं. पोरीनं आठही पुस्तकं काढली होती आणि शिकवल्याप्रमाणे कडेला कड लावून जागच्या जागी ठेवली होती. एकवीस वर्षांत हे ऐकलेली ती एकटीच निघाली, आणि ती आली होती हे बाईंना कळलं नाही ते त्यामुळेच.

चिठ्ठीच्या खाली हजेरी क्रमांक होता. यादी काढून बघायची गरज नव्हती. सहाच क्रमांक होते, बाईंना पाठ होते. हा त्यातला चौथा. त्याच्यापुढे बाईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: उदासीन.