जानीच्या घरी सोमी

वांगणीच्या पाड्यावर जानीचं घर सगळ्यांच्या शेवटी, उताराला लागून. नवरा जिव्या वीटभट्टीवर भेटलेल्या एका बाईसोबत निघून गेला, त्याला बरीच वर्षं झाली. जानीला मूल होत नव्हतं, म्हणून गेला, असं पाड्याने तेव्हाच ठरवून टाकलं. तो गेला त्या पावसाळ्यात जानीने अंथरूण धरलं. चूल पेटेना, दार उघडेना. भातलावणीच्या कामावर तोंडओळख झालेली शेजारच्या दाभोशा गावची पुष्पलता तेवढी चिखल तुडवत यायची आणि पेज भरवून जायची. उपदेश तिने कसलाच केला नाही. उठून बसायला लागल्यावर जानीनेच विचारलं,

"तू माझी कोण लागतेस, म्हणून येतेस?"

"कोणी नाय," पुष्पलता म्हणाली. "पण आमच्या येशूने असंच शिकवलंय."

पुढे जानी रविवारची दाभोशाला प्रार्थनेला जायला लागली, नदीत उतरून बाप्तिस्माही घेतला. पाड्याला ते रुचलं नाही. गावदेवाच्या पूजेला ती येईना, म्हणून लग्नकार्याला तिला कोणी बोलवीना. सख्खा भाऊ उमेश तिच्या दारावरून मान खाली घालून जायचा. जानीने कोणाशी वाद घातला नाही. आपली नागली पेरायची, मजुरीला जायचं, आणि कोणाच्या घरी आजारपण आलं की न बोलावता जाऊन पाणी भरून यायचं. लोक पाणी घेत, पण तिला बस म्हणत नसत.

एका वर्षी शिमग्याच्या सुमाराला भट्टीवर गेलेली माणसं परत यायला लागली. त्यांच्याच जीपमधून एका दुपारी सोमी उतरली. जिव्या जिच्यासोबत गेला होता, ती हीच. कडेवर चार वर्षांची प्रेमा. सोमीच्या अंगावर नुसती हाडं उरली होती, आणि खोकला असा की चार पावलं टाकून बसावं लागे. जिव्या भट्टीवरून एक दिवस गेला तो गेलाच. गावाकडे आला असेल, या आशेने ती आली होती. तो इथंही नव्हता. त्याच्या भावाने तिला ओटीवरूनच परतवलं. "आमची पोरं लहान हायेत, बाय. हा खोकला घरात नको."

सोमी पाड्याच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली.

पाण्याला निघालेल्या जानीला ती लांबून दिसली. पाड्यावर तेच बोलणं चाललं होतं; कोण ते वेगळं सांगायची गरज पडली नाही. जानीने हंडा भरला, दुसऱ्या वाटेने घरी आली, दार लावून घेतलं. भाकर थापली. पहिला घास तोंडात फिरत राहिला, उतरेना. 'बरं झालं,' असं तिच्या मनात आलं होतं, आणि ते तिचं तिला ऐकू आलं होतं. ती चुलीपुढे डोळे मिटून बसली. "प्रभू, मना ती आवडत नाय," ती म्हणाली. "आवडवून घे असं सांगू नको. पाहिजे तर नुसते हात वापर माझे."

ऊन कलल्यावर ती झाडाखाली गेली.

"ऊठ. घरात चल."

सोमीने वर पाहिलं. "तू कोण?"

"जानी."

सोमीचा चेहराच उतरला. तोंडावर पदर धरून ती झाडाला टेकली. "तुझ्या घरी मी नाय येत."

"नको येऊ. पण पोरीला तहान लागलीय," जानी म्हणाली, आणि तिने प्रेमाला उचललं. पोर मुकाट्याने खांद्यावर पडली. मग सोमीही उठली.

दुसऱ्याच दिवशी जानी दोघींना जव्हारच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. क्षयरोगच निघाला. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, पोरीलाही तपासलं, तिला वेगळं झोपवायला सांगितलं. मग जानीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फार उशिरा आणलंत." काही दिवस सोमीला तिथंच ठेवून घेतलं. पण ती सारखी घरी ने म्हणायला लागली. कुठल्या घरी, हे तिने सांगितलं नाही आणि जानीने विचारलं नाही.

जानीने तिचं अंथरूण पडवीत, वाऱ्यावर घातलं. तोंडाला फडकं बांधून ती तिला पुसून काढायची, थुंकीचं भांडं राखेने घासायची, पेज चमच्याने भरवायची. प्रेमा जानीजवळ आत निजायची. पोरीचं हसू थेट जिव्याचं. ती हसली की जानीच्या काळजात कळ उठे, आणि तरी ती तिला हसवत राही.

एक दिवस सोमीने पेज थुंकून टाकली, भांडं ढकललं. जानी सकाळपासून दुसऱ्याच्या शेतात राबून आली होती. इतक्या वर्षांचं एकदम वर आलं.

"त्याच्यासंगं गेलीस तवा माझा विचार नाय आला तुला? जित्या बायकोचं घर मोडलंस तू!"

सोमी बराच वेळ धापा टाकत राहिली. मग म्हणाली, "जिती? त्यानं सांगलं होतं, बायको मेली. बाळंतपणात मेली म्हणाला. खरं कळलं तवा प्रेमा पोटात होती."

जानी उठून परसात गेली. लाकडांच्या ढिगाशी बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. ही बाई हसत हसत आपल्या घराचं वाटोळं करून गेली, असंच ती इतकी वर्षं मनात बोलत आली होती. प्रार्थनेत सगळ्यांना क्षमा करतानाही हिला तेवढी वगळत आली होती. आणि आपल्याला तर त्याने कधीच मारून टाकलं होतं, तेही नसलेल्या बाळंतपणात.

ती पडवीत आली तेव्हा सोमी अंगावर सांडलेलं आपल्याच पदराने पुसत होती. जानीने पदर काढून घेतला, तिला पुसलं, आणि नवी पेज केली.

रविवारी दाभोशाचे पास्टर हेमंत आणि मंडळी प्रार्थना करायला आली. हेमंत भला माणूस. तो सोमीजवळ टेकला आणि म्हणाला, "बाय, येशूला आपलं म्हणशील?"

सोमीने मान हलवली. "माझे देव माझ्या भावाच्या घरी हायेत, मोखाड्याकडं. मी त्यांचीच." एवढं बोलूनही तिला धाप लागली.

हेमंत पुन्हा काही म्हणणार, तोच जानी मध्ये आली. "दादा, प्रार्थना करा. पण तिला काय विचारू नका."

"जानीबाय, तिच्या जिवाच्या काळजीनंच म्हणतोय."

"तिचा जीव प्रभू बघल. तिला दम घ्यायला होत नाय, आणि तुमी उत्तर मागता."

मंडळींपैकी एक-दोघांना ते लागलं. हेमंतने मात्र मनातच प्रार्थना केली, आणि मग तो सदऱ्याच्या बाह्या वर करून परसात लाकडं फोडायला गेला.

आंबे उतरायच्या दिवसांत, भर दुपारी, सोमी गेली. शेवटी तिने जानीचं मनगट धरलं होतं.

आता तिला उचलणार कोण? जानीच्या देवाची रीत वेगळी, सोमीची वेगळी. मंडळींना बोलावलं असतं तर ती धावून आली असती. पण जानी गेली उमेशच्या घरी. अंगणाबाहेरच थांबली आणि हाक मारली.

"दादा, माझ्यासाठी नाय आले. ती तुमच्या देवांची होती. तिचं तुमच्या रीतीनं झालं पाहिजे. मना ते येत नाय."

उमेश दारात उभा राहून बहिणीकडे बघत राहिला. किती खंगली होती ती. मग त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "हो पुढं. माणसं घेऊन येतो."

रीतीप्रमाणे सगळं झालं. पुढे तिचा दिवस घातला तेव्हा तांदूळ जानीने दिले, रांधलंही तिने. पूजेच्या वेळी तेवढी बाजूला जाऊन बसली. दाभोशाच्या मंडळींत त्यावरून कुजबुज झाली. पाड्यावरही कोणी चांगलं बोललं नाही.

त्या दिवसाला सोमीचा भाऊ वाळू बायकोला घेऊन आला होता. निघताना तो म्हणाला, "पोरीला नेतो."

जानीला वाटलं होतं, हे आज ना उद्या होणार. तरी तिने पोरीला जवळ ओढलं. "राहू दे ना माझ्याकडं. मी तिला माझ्या देवाकडं ओढायची नाय. मोठी झाली की ती ठरवल."

"तू बहिणीचं केलंस, ते मी विसरायचा नाय," वाळू म्हणाला. "पण भाची हाय माझी. घरात मामी हाय, पोरं हायेत. इथं तू एकटी. उद्या तुला काय झालं तर तिनं कोणाच्या दारात जायचं?"

जानीने प्रेमाला न्हाऊ घातलं, केस विंचरले. पोर जीपमध्ये बसेना, जानीच्या लुगड्याला धरून ओरडायला लागली. जानीनेच तिची बोटं एकेक करून सोडवली. "जा, बाय. मामा हाय तो तुझा." जीप वळणाआड गेली तरी रडणं ऐकू येत होतं.

पुढचा सबंध पावसाळा आणि हिवाळा मोखाड्याला जायची तिची हिंमत झाली नाही. त्याच्याही पुढच्या हिवाळ्यात ती बाजाराच्या दिवशी गेली. बांगड्यांच्या दुकानापाशी प्रेमा मामीचा पदर धरून उभी होती. अंगाने भरली होती, पायांत चपला होत्या. जानी जवळ गेली, खाली बसली. पोरीने तिच्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि मामीच्या मागे लपली.

"ही कोण, मामी?"

मामी गांगरली. तिला जानी आठवत होती. काय सांगावं ते सुचेना.

"तुझ्या आयसच्या वळखीची," जानी म्हणाली.

तिने पोरीच्या ओंजळीत बोरं दिली. प्रेमाने एक बोर तोंडात टाकलं आणि हसली, तेच हसू. जानी तिचं हसणं थांबेपर्यंत बसून राहिली. मग उठली आणि जीपच्या थांब्याकडे चालू लागली. जीप भरायला वेळ होता. ती मागच्या बाकावर कोपऱ्यात बसली, डोक्यावरून पदर ओढून घेतला, आणि जव्हार येईपर्यंत तिने तो काढला नाही.